सोमवारपर्यंत टिकणारं दुखणं

आतेभावाने रेसलिंग बघणं सोडलं ती तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. ४ ऑक्टोबर २०१९. त्या दिवशी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीचं स्मॅकडाउन, दर आठवड्याचा तिचा एक कार्यक्रम, फॉक्स वाहिनीवर गेलं. नवा सेट, नवा थाट, आणि शेवटची लढत चॅम्पियनशिपची, कोफी किंग्स्टन विरुद्ध ब्रॉक लेस्नर. अकरा वर्षं खालच्या पायऱ्यांवर घासून कोफी त्याच वर्षी ७ एप्रिलला, रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सोहळ्यात, चॅम्पियन झाला होता. त्याची लहान मुलं रिंगमध्ये आली होती, जोडीदारांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि इकडे आम्ही दोघे बाप्ये एकमेकांकडे न बघता डोळे पुसत होतो. सहा महिन्यांनी आता घंटा वाजली, कोफी झेपावला, लेस्नरने त्याला हवेतच झेललं, खांद्यावर घेतलं आणि आपटलं. खांदे मॅटला टेकलेले, पंचाने मोजलं, एक, दोन, तीन. दहा सेकंदही लागले नाहीत.

दादा (तीन वर्षांनी मोठा आहे, मी त्याला दादाच म्हणतो) कोफी हरला म्हणून चिडला नाही. छोटा माणूस राक्षसापुढे हरतो, त्यात नवल नाही. तो चिडला त्यानंतरच्या गोष्टीवर. निकाल लागून मिनिटभर होत नाही तोच लेस्नरचं पुढचं भांडण दारात येऊन उभं राहिलं आणि कोफी पडद्यावरून नाहीसा झाला. पुढच्या काही आठवड्यांत तो परत दिसला तो नाचत, टाळ्या मागत. महिन्याभरात त्याच्याकडे जोडीने लढणाऱ्यांचा चॅम्पियनशिपचा बेल्टही आला. त्या दहा सेकंदांचा विषय ना त्याच्या तोंडून फारसा आला, ना समालोचकांच्या. दादा म्हणाला, "ज्याचं गेलं त्यालाच काही वाटत नाही, तर मी कशाला वाटून घेऊ?" त्यात कोफीचा दोष नव्हता. त्याच्या हातात जो कागद आला असेल त्यावर दुःख लिहिलेलंच नसणार.

तेव्हापासून मी त्या एका वाक्याभोवती फिरतो आहे. टीव्हीवरच्या रेसलिंगचा दर्जा घसरला, असं आम्ही जुने चाहते सारखं म्हणतो. नेमकं काय घसरलं, असं कुणी विचारलं की उत्तरं भलतीच येतात. पूर्वीचे गडी अंगाने दांडगे होते. पूर्वी रक्त निघायचं. पूर्वी माईकवर कुणी कुणाची भीड ठेवत नसे. ही उत्तरं मला पटत नाहीत. घसरली आहे ती कार्यक्रमाची आठवण ठेवण्याची ताकद. टीव्हीवरचं रेसलिंग विसराळू झालं आहे.

या धंद्यात सेलिंग नावाचा एक शब्द आहे. समोरच्याने मारलेला फटका लागला आहे हे शरीराने पटवून देणं म्हणजे सेलिंग. फटका लागला त्या क्षणी कळवळणं कुणालाही जमतं. खरी कसोटी पुढे असते. दुसऱ्या मिनिटाला गुडघा पिरगळला असेल, तर अठराव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर उचलताना तो गुडघा लचकला पाहिजे, आणि उचललेला माणूस हातून सुटला पाहिजे. तेव्हा प्रेक्षागृहातून जो 'अरेरे' निघतो तो सोळा मिनिटं आधी पेरलेला असतो. म्हणजे सेलिंग हे मुळात लक्षात ठेवणंच आहे. आणि जे एका लढतीत गुडघ्याचं, तेच महिन्यामहिन्यांच्या कथेत अपमानाचं, दगाबाजीचं, हुकलेल्या बेल्टचं. शनिवारी मोडलेला माणूस सोमवारच्या कार्यक्रमात लंगडत आला, तर मला शनिवारवरही विश्वास बसतो.

याचा सगळ्यात सुंदर नमुना मी पुन्हा पुन्हा बघतो. १९८६ च्या अखेरीस रँडी सॅव्हेजने रिकी स्टीमबोटचा गळा रिंगबाहेरच्या कठड्यावर चिरडला, आणि मग लढतीची घंटा घेऊन वरून त्याच गळ्यावर उडी मारली. स्वरयंत्रच चिरडलं गेलं आहे, असं सांगितलं गेलं. स्टीमबोट गायब. मग तो बरा होताना दिसू लागला, बोलायला नव्याने शिकताना दिसू लागला. आठवडे गेले, महिने गेले. २९ मार्च १९८७ ला पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये, ९३,१७३ हा जाहीर केलेला आकडा ज्या रेसलमेनियाचा आहे तिथे, दोघे समोरासमोर आले. लढत जेमतेम पंधरा मिनिटांची. सॅव्हेजने तिची एकेक चाल आधी स्टीमबोटबरोबर घोकून घेतली होती, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. स्टीमबोटने सुरुवातीलाच सॅव्हेजचा गळा धरून त्याला उचललं. गळा! दुसरं काही धरून चाललंच नसतं. आणि शेवटी, सगळे डाव संपल्यावर, सॅव्हेज पुन्हा ती घंटा घेऊन रिंगमध्ये शिरला. लाखभर लोक म्हणा, किंवा त्याहून कमी म्हणा, पण एकूण एक माणसाला त्या घंटेचा अर्थ कळला होता. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील आडवा आला, त्याने सॅव्हेजला खाली ढकललं, सॅव्हेज तरीही उठला, स्टीमबोटला उचलायला गेला, आणि स्टीमबोटने त्याला तिथल्या तिथे गुंडाळून तीन मोजून घेतले.

ती घंटा एरवी लोखंडाचा एक तुकडा आहे. चार महिने कुणीतरी ती लक्षात ठेवली, म्हणून ती शस्त्र झाली.

आता इथे कुणीतरी म्हणणारच, की अहो, ते सगळं खोटं असतं. गेली चाळीस वर्षं हे वाक्य ऐकतो आहे. खुद्द कंपनीच्या लोकांनी १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर मान्य केलं की हे मनोरंजन आहे, स्पर्धा नाही. खेळांवरचे सरकारी नियम आणि कर चुकवण्यासाठी ते हवंच होतं. आम्हाला निकाल ठरलेला असतो हे कळतं. आम्ही निकालावर विश्वास ठेवतच नाही. आम्ही ठेवतो तो परिणामावर. हा पडला, तर पडल्यासारखा जगेल. त्याने मित्राला दगा दिला, तर मित्र ते विसरणार नाही. एवढा शब्द पाळला तर मी तुमचं बाकी सगळं खोटं आनंदाने स्वीकारतो. आणि नेमका तोच शब्द दर आठवड्याला मोडला जातो.

समालोचन घ्या. गोरिला मान्सूनला शरीरशास्त्राचं भारी वेड. डोक्याच्या मागच्या बाजूला फटका बसला की तो 'एक्स्टर्नल ऑक्सिपिटल प्रोट्युबरन्स' असं लांबलचक नाव घ्यायचा. पोरवयात ते हसण्यासारखं वाटायचं. आज वाटतं की तो नोंद ठेवत होता. कुठे लागलं, किती लागलं, पुढे ते कुठे नडणार. जिम रॉस तर चालतीबोलती वहीच होता. हा विद्यापीठात फुटबॉल कुठे खेळला, याने याला तीन महिन्यांपूर्वी कसं फसवलं, याची मान केव्हापासून दुखावलेली आहे, हे सगळं तो फटक्यांच्या मधल्या जागांत बसवायचा. आजच्या समालोचकांत गुणी माणसं आहेत, पण त्या मधल्या जागा पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात आणि प्रायोजकाचं नाव यांनी भरून गेल्या आहेत. २०२४ पासून तर रिंगच्या मॅटवर, अगदी मधोमध, एका पेयाचं चिन्ह आलं. माणूस कळवळत पडू लागला तो त्या चिन्हावर.

डावांचंही तेच. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी, म्हणजे डोकं काखेत धरून मॅटवर आपटण्याचा डाव, हा एकेकाळी लढतीचा शेवट होता. डोकं काखेत धरलं की प्रेक्षक उभे राहायचे, कारण यातून कुणी उठत नाही हे वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं. आज तोच डीडीटी चौथ्या मिनिटाला लागतो, मार खाणारा दोनवर खांदा उचलतो, आणि कुणाची पापणी लवत नाही. शॉन मायकल्सची सुपरकिक, हनुवटीवर मारलेली ती उंच लाथ, जिच्यासाठी तो कोपऱ्यात पाय आपटत वाट बघायचा, ती आता एका लढतीत सहा-सहा वेळा दिसते. डाव स्वस्त झाले की पुढचा डाव आणखी उंचावरून मारावा लागतो, आणि तो ज्याच्या अंगावर पडतो त्याची मान मात्र खरी असते. मला यातली ही बाजू सगळ्यात जास्त लागते. विसराळूपणाची किंमत शेवटी कुणाचा तरी मणका मोजतो.

आणखी एक चाल आहे जिचा मला मनापासून वीट आला आहे. लढत रंगात येते. अचानक तिसऱ्याच कुणाचं तरी एंट्रीचं संगीत वाजतं. रिंगमधला जिंकत आलेला गडी सगळं सोडून वाटेकडे वळून बघतो. मागून येऊन दुसरा त्याला गुंडाळतो, तीन मोजले जातात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की संगीत वाजलं की निकाल आधीच सांगू शकतो. पण त्या गड्याला हे कळत नाही. गेल्या महिन्यात तो असाच हरला होता, त्याआधीही. स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेलं ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी मी जीव कसा टाकू?

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण ते फारसं कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रक्षेपणात नेमक्या फटक्याच्या क्षणी दृश्य बदलायचं. ठोसा निघाला एका कॅमेऱ्यात, लागला दुसऱ्यात, पडला तिसऱ्यात, आणि वर तो कॅमेरा आत-बाहेर हलवून धक्का बसल्याचा आभास. डोळ्याला पूर्ण हालचाल अशी दिसायचीच नाही. जुन्या चित्रफिती लावून बघा. समोरचा एक कॅमेरा स्थिर, आणि माणूस दोरीला पाठ लावण्यापासून आपटेपर्यंत अखंड दिसतो. केव्हिन डन, ज्यांनी अनेक दशकं हे प्रक्षेपण सांभाळलं, ते २०२३ च्या अखेरीस कंपनी सोडून गेले आणि त्यानंतर हे बरंच निवळलं. लांब दृश्यं परत आली. सुधारलं ते सुधारलं म्हणायलाच हवं.

हे सगळं असं का झालं, याची मी माझ्यापुरती जुळणी केली आहे. रॉ, कंपनीचा दर सोमवारचा कार्यक्रम, ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये सुरू झाला तेव्हा एक तासाचा होता. १९९७ मध्ये दोन तासांचा, आणि २३ जुलै २०१२ ला तीन तासांचा झाला. वर्षाचे ५२ आठवडे, सुट्टी नाही. फुटबॉलचा हंगाम संपतो, रेसलिंगचा संपत नाही. एवढी भूक भागवायची तर एकच जोडी चार आठवड्यांत तीनदा लढवावी लागते, आज हा, उद्या तो, म्हणजे कुणीच फार पडायला नको आणि कुणीच फार चढायला नको. मग कोण कुणाशी कशासाठी लढतो आहे हे लढणाऱ्यांनाही सांगता येऊ नये, यात नवल ते काय.

पण खरं मूळ मला पैशाच्या वाटेत दिसतं. पूर्वी टीव्हीवरचा तास ही प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या तिकिटाची जाहिरात होती. भांडण टीव्हीवर पेटायचं, विझायचं ते तिकीट काढलेल्या लोकांसमोर. नंतर पे-पर-व्ह्यू आलं. तेव्हाही दर महिन्याला प्रेक्षकाला पटवावं लागायचं की हे बघायला वेगळे पैसे मोज. चिडलेला, ताटकळलेला प्रेक्षकच पैसे मोजतो, म्हणून ताटकळत ठेवण्याची कला जपली जायची. २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क ही कंपनीची इंटरनेटवरची सेवा आली, महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये सगळंच. मग फॉक्सचे पाच वर्षांचे एक अब्ज डॉलर. मग नेटफ्लिक्सशी दहा वर्षांचा, पाच अब्जांहून मोठा करार, ज्याखाली रॉ जानेवारी २०२५ मध्ये तिकडे गेला. पैसा आधीच येऊन बसला आहे. एखादा आठवडा वाईट गेला, एखादी कथा अर्ध्यावर सोडली, तर त्याची शिक्षा कुणालाच होत नाही. स्टेडियम भरतात, धंदा तेजीत आहे. १९९९ मध्ये, मे महिन्यात, रॉने प्रेक्षकसंख्येचं ८.१ रेटिंग गाठलं होतं, त्याच्याशी आजची तुलना मी करत नाही. केबलच आटली आहे, तो हिशेब वेगळा. माझं म्हणणं एवढंच की आज कंपनीला माझ्या ताटकळण्याची गरज उरलेली नाही.

त्यात भर लिहून दिलेल्या शब्दांची. १९९६ च्या किंग ऑफ द रिंग स्पर्धेत स्टीव्ह ऑस्टिन ओठाला टाके घालून परत आला तेव्हा त्याला कळलं की जेक रॉबर्ट्सने माईकवर बायबलचा दाखला दिला होता. तेवढ्यावरून त्याने बायबलच्या वचनाच्या थाटात 'ऑस्टिन ३:१६' उभं केलं आणि एका वाक्यात दशक फिरलं. नंतरच्या काळात माईकवरच्या बोलण्यासाठी लेखकांचा ताफा आला, शब्दन् शब्द लिहून मिळू लागला, आणि तोही कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत बदलायचा. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी रद्द. अशा कागदाला मागच्या आठवड्याची आठवण राहणार कुठून?

जुना काळ मात्र मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा रेसलर छतावरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. त्याहून मोठा विसराळूपणा कोणता? डोक्यात खुर्च्या घातल्या जायच्या आणि आम्ही ओरडून दाद द्यायचो. २०१० मध्ये त्या बंद झाल्या. त्याबद्दल कुणी 'आता मजा गेली' म्हणालं की मला तिथून उठावंसं वाटतं. बायकांच्या लढतींना त्या काळी जी वागणूक मिळाली ती आठवून आज मान खाली जाते. २२ ऑगस्ट २०१५ ला ब्रुकलिनमध्ये साशा बँक्स आणि बेली लढल्या. बेलीचा हात त्या वर्षी मोडला होता. साशाने नेमका तो हात हेरला, त्यावर पाय दिला. बघा, घंटेचीच जात. आजचे गडी आणि आजच्या मुली अंगमेहनतीत, चपळाईत, अभ्यासात पूर्वीच्या बहुतेकांहून पुढे आहेत असं माझं ठाम मत आहे. म्हणून तर जीव जळतो. इतकी चांगली माणसं, आणि त्यांच्या हातात इतकी विसराळू गोष्ट.

अधूनमधून कुणाला तरी आठवतं. सामी झेनला चॅम्पियन रोमन रेन्सच्या गोतावळ्यात अर्धवट जागा मिळाली, महिनोन्‌महिने तो आपला होण्यासाठी धडपडला, आणि जानेवारी २०२३ च्या रॉयल रंबलमध्ये, जुना मित्र केव्हिन ओवेन्सला खुर्चीने मार असं रोमनचं फर्मान आल्यावर, त्याने ती खुर्ची रोमनच्या पाठीत घातली. मी त्याच रात्री दादाला फोन केला. म्हटलं, "तू परत ये, यांना आठवतंय." तीन आठवड्यांनी मॉन्ट्रियलमध्ये, सामीच्या स्वतःच्या गावात, सामी हरला तेव्हा दादा माझ्याशेजारी बसला होता. पहिल्या रांगेत सामीची बायको रडत होती. दादा काही बोलला नाही, पण कार्यक्रम संपल्यावरही बराच वेळ उठला नाही.

मग २०२५ आलं. १ मार्चला टोरोंटोत जॉन सीनाने चॅम्पियन कोडी रोड्सला मिठी मारली, रॉकने (जुना रेसलर, आता सिनेनट) गळ्यावरून अंगठा फिरवला, सीनाने कोडीलाच मारलं, आणि वीस वर्षं मुलांचा हिरो असलेला माणूस खलनायक झाला. माझ्या अंगावर काटा आला होता. आता यातून काय काय निघेल! काहीच निघालं नाही. ज्या रॉकसाठी हे झालं तो रेसलमेनियात फिरकलाच नाही. सीनाने त्याला काय विकलं, कशाच्या बदल्यात, हे कधी कळलं नाही. ऑगस्टमध्ये सीना पुन्हा चांगला झाला. ये रे माझ्या मागल्या. वीस वर्षं जपलेली ठेव पाच महिन्यांत उधळली, आणि उधळली याचीसुद्धा कुणी नोंद घेतली नाही. दादाचा त्या दिवशी मेसेजसुद्धा आला नाही. मला तो न आलेला मेसेज पुरेसा कळला.

१३ डिसेंबर २०२५, वॉशिंग्टन. सीनाची शेवटची लढत, गुंथरशी. गुंथरने मागून गळ्याला मिठी घातली, सुटला की पुन्हा घातली, आणि ज्याच्या शर्टावर 'कधी हार मानू नका' लिहिलेलं असायचं त्या माणसाने हलकंसं हसून हाताने थोपटत हार मानली. लोक खवळले. ओरडा थांबेना. मी मात्र गप्प होतो. इतक्या वर्षांचं ते एक वाक्य त्या थोपटण्याच्या आत होतं. ते वाक्य नसतं, तर तो हात नुसताच हललेला हात होता.

तासाभराने फोन वाजला. दादा.

"पाहिलंस?"

"हो. तू?"

"पाहिलं." मग बराच वेळ नुसता श्वास. "गुंथर सोमवारी येईल ना रॉमध्ये?"

"येईलच."

"तू बघणार आहेस?"

"बघेन ना दादा."

"मग मला सांग," तो म्हणाला, "सीनाचं कुणी नाव काढलं का ते."